तान्ह्याची भूक, तान्ह्याची झोप

शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही घरी बाळंतिणीला भेटायला जावे, तर ओटीवरच कोणी तरी कौतुकाने सांगते, "फार गुणी आहे हो पोर! रडणे म्हणून नाही. दिवसरात्र नुसते झोपून असते." पाहुणे मान डोलावतात, बाळाच्या मुठीत दहा-वीस रुपये ठेवतात आणि "असाच शहाणा राहा रे बाबा" म्हणून निघतात. मीसुद्धा कित्येकदा असेच म्हणालो आहे. आज मात्र तुमच्याशी बोलायचे आहे ते याच 'गुणी' शब्दाविषयी. हा शब्द माझ्या एका विद्यार्थिनीच्या घराला फार महाग पडता पडता राहिला.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा माणूस. पण माझ्या वर्गात डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे अशा गावांतली मुले-मुली बसतात, आणि त्यांच्या घरची सुखदुःखे त्यांच्याबरोबर वर्गात येतात. माहुलीच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरची ही मुलगी एकदा आठ-दहा दिवस वर्गात दिसली नाही. आली तेव्हा मी जरा रागानेच विचारले. ती म्हणाली, "सर, वहिनीचे बाळ दवाखान्यात होते."

झाले होते ते असे. श्रावणातला जन्म. वजन २४०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलोच्या आत. बाळ घरी आले. दोनतीनदा ओढायचे की झोपायचे. रडायचे नाही. घरात आनंद. आवणीने दमलेल्या घराला रात्रीची झोप मिळत होती. सातव्या दिवशी आशाताई आल्या, त्यांनी बाळाला झोळीच्या काट्याला लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. वजन भरले २१०० ग्रॅम. बाळाचे तळवे हाताला गार लागत होते. त्यांनी लागलीच बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला लावले, आईचे दूध वाटीत काढून चमच्याने पाजले, १०८ नंबरला फोन केला आणि त्याच संध्याकाळी बाळ तालुक्याला पोचले. बाळ वाचले. आता ते अंगणात कोंबड्यांच्या मागे धावते. पण त्या मुलीचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "सर, आम्ही त्याला गुणी म्हणत होतो. त्याला रडायला जोरच नव्हता."

तान्ह्या बाळाचे दूध आणि झोप हा विषय त्या एका वाक्यात आला. आता तो नीट उलगडून पाहू.

दिवस नाही, रात्र नाही

नुकते जन्मलेले मूल चोवीस तासांतले चौदा ते सतरा तास झोपते. पण ही झोप सलग नसते. दोन तास, तीन तास, की जाग. दूध, की परत झोप. रात्र झाली म्हणून ते जास्त झोपत नाही आणि उजाडले म्हणून उठून बसत नाही. याचे कारण सोपे आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. अंधार पडला की ते डोळ्यांवर झापड आणते. पोटात असताना बाळ आईच्या घड्याळावर चालत होते. बाहेर आल्यावर स्वतःचे घड्याळ घडायला त्याला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत "दिवसा झोपते आणि रात्री जागवते" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. बाळ खोडसाळ नसते. त्याला रात्र ठाऊकच नसते.

ते घड्याळ घडायला आपण हातभार मात्र लावू शकतो. दिवसा खोलीत उजेड येऊ द्यावा, घरातले बोलणे-चालणे नेहमीसारखे असू द्यावे. रात्री दिवा मंद, बोलणे हळू. दूध पाजावे, ओले बदलावे आणि निजवावे. खेळवणे, बोलवणे सकाळी. रात्रीच्या आईच्या दुधात झोप आणणारे द्रव्यही असते. निसर्गाने ती व्यवस्था केलेली आहे. आपण फक्त मध्ये मोबाइलचा उजेड आणू नये म्हणजे झाले.

खरवस आपण खातो, आणि चीक?

गाय व्याली की पहिल्या दिवसाचे पिवळसर दाट दूध निघते. त्याला आपण चीक म्हणतो. वासराला तो आधी पाजतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगत नाही हे गुराख्याच्या पोरालाही माहीत असते. उरलेल्याचा खरवस करतो आणि शेजारीपाजारी वाटतो. मौज अशी की, आपल्या घरची बाई बाळंत झाली की तोच चीक पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरी होती. अजून थोडी आहेच. "खराब दूध आहे, जड आहे, तिसऱ्या दिवसापासून पाजा." वासराला जे अमृत, ते लेकराला विष कसे होईल?

माणसाचा चीकही तसाच दाट, पिवळसर आणि थोडा असतो. रोगाशी लढण्याची शक्ती त्यात भरलेली असते. बाळाची ती पहिली लस म्हटली तरी चालेल. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीशी लावावे असे आज जगभरचे आरोग्यशास्त्र सांगते. "पण दूध येतच नाही" असे आजी म्हणतात. आजींचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. पहिल्या दिवशी एका वेळी चहाचा चमचा-दोन चमचे, इतकाच चीक येतो. बाळाचे पोटही तेवढेच घेणारे असते. दूध भरून येते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि ते येण्यासाठीच आधी बाळाने ओढावे लागते. विहिरीचा झरा उपशाने मोकळा होतो, तसेच हे आहे. जितके ओढले जाईल तितके दूध वाढते. मधल्या तीन दिवसांत मध, साखरपाणी, गाईचे दूध दिले, तर बाळाची भूक त्यावर भागते, ते ओढत नाही, झरा मोकळा होत नाही, आणि मग आपण म्हणतो, "बघा, हिला दूधच नाही!"

घड्याळ की बाळ?

मागे एक काळ असा होता की मोठमोठे डॉक्टर सांगत, बाळाला घड्याळ लावून, चार-चार तासांनीच पाजा. मध्ये रडले तरी उचलू नका. न्यूझीलंडमधल्या ट्रूबी किंग या डॉक्टरांनी १९०७ साली एक संस्था काढून या शिस्तीचा मोठा प्रसार केला, आणि तिचे वारे इंग्रजी राज्यात दूरवर पोचले. पुढे अनुभवाने आणि अभ्यासाने हे मत मागे पडले. आज सांगतात ते असे: बाळाला भूक लागली की पाजावे, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. रात्र धरून, बरे का!

म्हणजे घड्याळ अगदी फेकूनच द्यायचे का? नाही. घड्याळ बाळाला अडवण्यासाठी वापरू नये, झोपाळू बाळाला उठवण्यासाठी वापरावे. जन्माचे वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, बाळ तीन तासांहून जास्त झोपून राहिले तर त्याला उठवून पाजावे. अडीच किलोच्या आतले बाळ असेल तर दोन-दोन तासांनी. "झोपलेल्या बाळाला उठवू नये" हे आपल्याकडचे वचन पुढे खुशाल पाळा. पहिल्या पंधरवड्यात ते बाजूला ठेवा. उठवायचे कसे? दुपटे सैल करावे, तळपायांवर आणि पाठीवरून बोट फिरवावे, ओले बदलावे, छातीशी उभे धरावे. चापट्या मारू नयेत, तोंडावर पाणी शिंपडू नये.

भूक ओळखायची कशी? रडणे ही भुकेची पहिली खूण नव्हे, शेवटची आहे. त्याआधी बाळ चुळबुळ करते, मूठ तोंडाकडे नेते, ओठ चाटते, गालाला बोट लागले की तिकडे तोंड वळवून आ करते. तेव्हाच घ्यावे. रडून रडून दमलेले बाळ धड पीत नाही.

पाजताना आईने पाठीला टेका घेऊन निवांत बसावे. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. नुसते टोक तोंडात आले तर आईला जखमा होतात आणि बाळाला दूध मिळत नाही. दुखत असेल तर पाजणे सोडू नये. बाळ काढून परत नीट लावावे. एक बाजू पुरती पिऊ द्यावी, मगच दुसरी. पहिल्याने येणारे दूध पातळ, तहान भागवणारे; शेवटी शेवटी येणारे दाट, सायीचे. अर्ध्यावर बाजू बदलली तर बाळ पातळ दुधावरच राहते. पिऊन झाल्यावर खांद्याशी उभे धरून पाठीवरून हात फिरवावा, ढेकर निघू द्यावा.

पुरते की नाही, याचा हिशेब

प्रत्येक आईला ही चिंता असते की माझे दूध पुरते का. बाटलीत दूध दिसते, छातीतले दिसत नाही. म्हणून बाटलीवर विश्वास बसतो. पण याचा हिशेब अगदी सोपा आहे, आणि निरक्षर आजीलाही करता येईल. ओली दुपटी मोजा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त दुपटी ओली झाली, लघवी पाण्यासारखी फिकी असली, तर दूध पुरते आहे.

दुसरा हिशेब वजनाचा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. त्याला घाबरू नये. पण ते दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तर लगेच दाखवले पाहिजे. दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन परत भरून आले पाहिजे, आणि पुढे रोज सरासरी पंचवीस-तीस ग्रॅम वाढले पाहिजे. वर सांगितलेल्या बाळाचे २४०० चे २१०० झाले होते, म्हणजे साडेबारा टक्के घट. 'गुणी' शब्दाने जे झाकले होते ते काट्याने उघडे केले.

पाणी नको, गुटी नको

आपला शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा पाणवठा. तानसा १८९२ साली पुरा झाला; पुढे भातसाही आला. आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन मैलमैल चालतात. अशा उन्हाळ्यात घरातल्यांना वाटते, एवढ्याशा जिवालाही तहान लागत असेल, दोन चमचे पाणी द्यावे. देऊ नये. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, आणि तेही निर्मळ. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजावे, आणि पाण्याचा तांब्या आईपुढे ठेवावा. "बाळंतिणीने पाणी प्यायले की बाळाला सर्दी होते" ही समजूत खोटी आहे. आईला तहान लागेल तितके पाणी आणि रोजच्यापेक्षा निदान दोनदा जास्त खाणे मिळाले पाहिजे: नाचणीची भाकर, डाळ, शेवग्याचा पाला, परवडेल तर अंडे, सुकट. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, एक वेळचे गरम जेवण देण्याची सोय झाली. तो हक्काचा घास आहे. लाजून सोडू नये.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, मध नको, गाईचे दूध नको. उगाळलेली बाळगुटीही नको, कारण सहाणेवरचा, हातावरचा आणि पाण्यातला जंतू तिच्यातून पोटात जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे द्यावे. आणि बाटली तर नकोच. तिच्या बुचातली घाण चुलीवरच्या पाण्याने धुऊन जात नाही. डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करणेसुद्धा आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, ते उगाच नव्हे.

झोपेची गोळी

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्याच माणसांचे दुःख आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या बायका काम करीत. तान्हे मूल चाळीतल्या खोलीत ठेवून दहा-दहा तास साच्यावर उभे राहायचे. मूल रडणार, मग करायचे काय? बाजारात 'बाळागोळी' मिळत असे. तिच्यात अफू असे. गोळी दिली की मूल दिवसभर 'गुणी' होऊन पडे. गिरणीतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली नोंदवले की, अशा कामकरी बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जात होती. अफूने मूल झोपते, भूक मरते, दूध तुटते आणि श्वास मंदावतो. त्या आया दुष्ट होत्या का? मुळीच नाही. त्यांना रजा नव्हती, पाळणाघर नव्हते, घरी आजी नव्हती. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, तोवर किती तरी लेकरे त्या झोपेतून उठलीच नाहीत.

ही गोष्ट जुनी झाली असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. गोळी गेली, पण तिच्यामागची अडचण आपल्या दोन्ही तालुक्यांत उभी आहे. आषाढात आवणी तोंडावर आली की बाळंतीण महिनाभरातच चिखलात उतरते. दिवाळी झाली की किती तरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे मूल भट्टीच्या कडेला झोळीत आणि आई थापणीवर. अशा वेळी "सुखाने झोपते आहे, झोपू दे" असे म्हणणे फार सोपे असते. म्हणून घरच्या पुरुषांना आणि सासूबाईंना हात जोडून सांगणे आहे: पहिले सहा आठवडे तरी तिला खाचरात उतरवू नका. पहिल्या मुलासाठी सरकार मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये देते, ते बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणूनच. आणि पुढे जावेच लागले, तर बाळाला बांधावर आणा. दर दोन-तीन तासांनी तिला हात धुऊन पाजायला बसू द्या. मुकादमाने त्या पाऊण तासाची मजुरी कापू नये.

अगदीच लांब जायचे असेल, तर आईने हात स्वच्छ धुऊन दूध उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढून झाकून ठेवावे. सावलीत, गार जागी ते चार तास चांगले राहते. कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावे. आजीने ते वाटी-चमच्याने, किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. बोंडले उकळून घ्यावे, एवढेच. बाटलीपेक्षा ते लाखपटीने बरे.

निजवायचे कसे, कुठे

बाळाला उताणे निजवावे, पालथे नको. अंथरूण सपाट असावे, फार मऊ नको. उशीची गरज नाही. डोके गोल होण्यासाठी मोहरीची उशी देतात, तीही नको. गोधडी छातीपर्यंत, तोंड सदैव मोकळे. बाळ आईजवळ एकाच खोलीत असावे. दारू प्यालेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने बाळाच्या अंथरुणात झोपू नये. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्यांना मण्यारीचे भय असते, तिथे ही जाळी डासांपुरतीच कामाची नाही. बाजेखाली शेगडी ठेवून ओव्या-शेपांची धुरी देण्याची रीत आहे. आईला ऊब हवी हे खरे, पण धूर बाळाच्या छातीत जातो. ऊब ठेवा, धूर बाहेर काढा.

तान्ह्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. गारठले की ते सुस्त होते, सुस्त झाले की पीत नाही, न प्यायल्याने आणखी गारठते. हे चक्र मुरबाडच्या घाटाखालच्या थंडीत आणि श्रावणाच्या झडीत दोन्ही वेळा फिरते. म्हणून पहिला दिवसभर आंघोळ नको. डोक्याला टोपरे हवे. बाळ अशक्त असेल तर सर्वांत चांगली शेगडी आईची छाती. टोपरे आणि लंगोट एवढेच घालून बाळाला उघड्या छातीवर उभे ठेवायचे आणि वरून लुगड्याने बांधायचे. कोलंबिया देशात बोगोटा शहरी १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही रीत सुरू केली आणि आता ती जगभर मान्य आहे. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वागवतो, त्यावरून तिचे नाव पडले. बापानेही हे करावे. माझ्या पिढीच्या पुरुषांना संकोच वाटतो. पण छाती आपल्यालाही आहे.

सटवीची रात्र

पाचव्या-सहाव्या रात्री आपल्याकडे सटवीची पूजा करतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि घर जागे राहते. सटवी बाळाचे नशीब लिहून जाते म्हणतात. ही रात्र नेमकी तेव्हाच का? पूर्वी कोयत्याने, विळ्याने नाळ कापीत. धनुर्वात होई, आणि तो याच सुमारास उलटे. आज लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर भारताने तो धोका २०१५ पर्यंत जवळजवळ मोडून काढला. पण जन्मापासून महिन्याच्या आत जी बाळे जातात, त्यांतली सुमारे पाऊण पहिल्याच आठवड्यात जातात, हे अजूनही खरे आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांची भीती खोटी नव्हती. जागे राहायचे ते बाळाकडे पाहत राहायचे, एवढाच त्यात बदल करू.

पाहायचे काय? बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले, किंवा गार पडले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, बेंबीतून पू आला, हातापायांचे तळवे पिवळे झाले, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, हलवले तरी उठेना. यांतले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये, भगताकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि वाटभर बाळ छातीशी धरून न्यावे. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याचे उपचार आणि ने-आण यांना पैसे पडत नाहीत.

आणि आशाताईंना दारातून परत पाठवू नये. त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत देशभर २०११ साली सुरू झाली, पण तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या घरोघरी जाऊन तान्ह्याचे वजन घेत, श्वास मोजत, पाजायला शिकवत. तिसऱ्या वर्षी तिथले तान्ह्यांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. काटा, घड्याळ आणि शिकलेली एक शेजारीण; मुख्य साधने एवढीच.

गुरुजींना आणि बाईंना

शेवटी दोन शब्द शिक्षकांशी. तुमच्या वर्गातल्या कित्येक मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढतात. सहावी-सातवीच्या गणितात एक उदाहरण घाला: बाळाचे जन्माचे वजन २८०० ग्रॅम, पाचव्या दिवशी २६००, घट किती टक्के? चौदाव्या दिवशी २८०० परत भरले. पुढे रोज २५ ग्रॅम वाढले, तर बेचाळिसाव्या दिवशी किती? साडेतीन किलो उत्तर ज्या पोराच्या वहीत येईल, ते पोर घरी जाऊन विचारील, "आपल्या बाळाचे किती?" त्या प्रश्नात अर्धे काम आहे. विज्ञानाच्या तासाला खरवसाचा विषय काढा. आणि हे मुलग्यांनाही शिकवा. उद्या तेच बाप होणार आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शाळा मुलांच्या अंगणात नेली. शाळेने पाळण्यापर्यंत जाणे ही या मातीला नवी गोष्ट नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल आणि कोणी म्हणेल, "फार गुणी आहे, नुसते झोपते," तेव्हा मान डोलावण्याआधी तीन प्रश्न विचारा. दिवसरात्रीत किती वेळा पिते? कालपासून दुपटी किती ओली झाली? आशाताईंनी वजन कधी घेतले? उत्तरे ठीक आली, तर बाळाला खुशाल गुणी म्हणा. नाही आली, तर त्याला उठवा आणि आईच्या छातीशी लावा. आणि ते धड ओढत नसेल, तर त्याच पावली आशाताईंना बोलवा. बाळाने भुकेला रडून घर डोक्यावर घेतले, तर रात्रीची झोप मोडली म्हणून कुरकुर करू नका. त्या रडण्यात जोर आहे.